अर्धा लिटर

आमच्या लॅबमध्ये येणारं तेल बहुतेक मोठ्या घरचं असतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांचे गिअरबॉक्स, गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या मिल्स, चाकणचे प्रेस, न्हावाशेव्याला लागलेल्या जहाजांची इंजिनं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत आमचं युनिट आहे. सकाळी कुरिअरवाला खोकी टाकून गेला की शंभर-सव्वाशे मिलीलिटरच्या बाटल्या टेबलावर रांगेनं उभ्या राहतात. प्रत्येकीवर यंत्राचा नंबर, तेलाचं नाव, यंत्र किती तास चाललं, त्यातलं तेल किती तास चाललं. हे चार रकाने भरलेले असले की माझं निम्मं काम झालेलं असतं.

घरच्या गाडीचं तेल क्वचित येतं, आणि आलं तर लांबूनच ओळखू येतं, कारण बाटली आमची नसते. मिनरल वॉटरची असते, खोकल्याच्या औषधाची असते, एकदा खोबरेल तेलाची आली होती. लोकांना वाटतं, धुतली की झालं. पण पुष्कळ खोकल्याच्या औषधांत सोडियम सायट्रेट असतं. बाटलीच्या तळाशी त्याचा चिकट थर राहिला तर रिपोर्टात सोडियम चढतं, आणि सोडियम चढलं की आम्ही पहिला संशय घेतो तो रेडिएटरचं कूलंट तेलात उतरल्याचा. औषध बापाच्या खोकल्याचं आणि दुखणं गाडीच्या नावावर, असा प्रकार.

त्यातही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, ज्याला सगळे एटीएफ म्हणतात, ते आणखी दुर्मीळ. आपल्याकडे रस्त्यावर ‘ऑटोमॅटिक’ म्हणून धावणाऱ्या लहान गाड्यांपैकी कितीतरी एएमटी असतात. त्यांच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं माणसाऐवजी एक यंत्रणा करते. आत तेलही साधं गिअर ऑइल. खरं लाल एटीएफ लागतं ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांना. तेव्हा कल्याणहून एक निवृत्त काका खांद्याला पिशवी लावून स्वतः आले आणि त्यांनी पिशवीतून लालसर तपकिरी तेलाची बाटली काढली, तेव्हा मी हातातलं काम ठेवलं. मग त्यांनी दुसरी बाटली काढली, स्वच्छ लाल.

“मॅडम, हे गाडीतलं आणि हे डब्यातलं, नवं. नव्याशिवाय तुम्ही तुलना कशाशी करणार?”

एवढी वर्षं हे वाक्य मी गिऱ्हाइकांना ऐकवत आले आहे. गिऱ्हाइकानं मला ऐकवायची ही पहिलीच वेळ होती.

काकांची नोकरी कल्याणच्या डिझेल लोको शेडमध्ये झालेली. शेडमध्ये इंजिन आलं की क्रँककेसमधलं तेल लॅबला जायचं, आणि तांबं, शिसं, लोखंड किती चढलं ते पाहून पुढचं ठरायचं. “लॅबनं कागदावर लाल खूण केली की मोठे साहेबसुद्धा इंजिन लाइनवर सोडायचे नाहीत,” हे सांगताना त्यांच्या आवाजात अजून शेडचा रुबाब होता. ही विद्या रेल्वेचीच आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या रेल्वेनं १९४६च्या सुमारास डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या तेलातले धातू मोजून बिघाड आधीच ओळखायला सुरुवात केली. पुढे ती रीत नौदलात गेली, विमानांत गेली, आणि जगभरच्या रेल्वे शेडांत रुळली. ती आता काकांच्या सात सीटर गाडीपर्यंत आली होती.

गाडी ६२,००० किलोमीटर चाललेली. मुलगी रोज ती घेऊन कल्याण-शीळ रस्त्यानं ऑफिसला जाते. ज्यांनी तो रस्ता संध्याकाळी सातला पाहिलाय त्यांना गिअरबॉक्सच्या तापमानाबद्दल वेगळं सांगायला नको. गणपतीत सात माणसं, डोक्यावर सामान आणि कोकणातले घाट. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं की गिअरबॉक्सचं तेल बदलायची गरज नाही, ते ‘लाइफटाइम’ आहे. “लाइफटाइम कुणाचं?” काकांनी विचारलं. “तेलाचं, गाडीचं की वॉरंटीचं?” तक्रार एकच होती. चाळीस-पन्नासच्या वेगाला ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला की दोन-तीन सेकंद बारीक थरथर होते, मग जाते. मुलीला ती जाणवत नव्हती, काकूंना पटत नव्हती.

इथे थोडं त्या गिअरबॉक्सच्या पोटात शिरावं लागेल. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलानं भरलेल्या डब्यात समोरासमोर पात्यांची चाकं. इंजिन एक चाक फिरवतं, ते तेल ढकलतं, आणि त्या तेलाच्या जोरावर दुसरं फिरतं. यात थोडी शक्ती घसरण्यात आणि तापण्यात वाया जाते, म्हणून वेग स्थिरावला की आतला एक क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो. त्याला लॉकअप म्हणतात. हा क्लच तेलात बुडालेला, त्याचं अस्तर कागदाच्या जातीचं, रेझिननं पक्कं केलेलं. आणि हल्लीच्या गाड्यांत तो एकदम चिकटत नाही, धक्का बसू नये म्हणून मुद्दाम थोडा घसरत ठेवतात. म्हणजे तेलानं गिअरना वंगण द्यायचं, व्हॉल्व्हना दाब पुरवायचा, उष्णता बाहेर न्यायची, आणि त्याच वेळी क्लचला ठरवून दिलेल्या मापानं घसरू द्यायचं आणि ठरवून दिलेल्या मापानं पकडू द्यायचं. चारचाकीच्या इंजिन ऑइलवर अशी कसरत करायची वेळ येत नाही. काका सांगत होते ती थरथर या लॉकअप क्लचचीच असणार, हे ऐकताक्षणी डोक्यात आलं. लाल रंगाचा मात्र या कशाशी संबंध नाही. गाडीखाली थेंब पडला तर तो इंजिनचा की गिअरबॉक्सचा हे कळावं म्हणून तो घातलेला असतो. उष्णतेनं तो विटतो, म्हणून तेल तपकिरी दिसलं एवढ्यावरून ते संपलं असं म्हणणारा मेकॅनिक घाई करतो.

काका गेले आणि मी सॅम्पल लावलं. आधी बाटली ओव्हनमध्ये कोमट करायची आणि मग हात दुखेपर्यंत हलवायची. हे काम मी नव्या मुलांवर सोडत नाही, कारण धातूचे कण तळाशी बसलेले असतात आणि नुसतं वरचं तेल घेतलं तर यंत्र निरोगी ठरतं. मग एक थेंब १६० अंशाच्या तव्यावर. पाणी असेल तर थेंब तडतडतो, बुडबुडे येतात. हा थेंब निमूट पसरला. कार्ल फिशरच्या यंत्रानंही तेच सांगितलं, पाणी ०.०३ टक्के. रेडिएटरमधला तेलाचा कूलर फुटून दोन्ही द्रव एकत्र झाले की एटीएफ गुलाबी दुधासारखं दिसतं, आणि मग क्लचचं अस्तर गोंदासकट सुटून येतं. ती भीती गेली.

पुढे व्हिस्कॉसिटी. १०० अंशाच्या बाथमध्ये काचेची बारीक नळी उभी. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत तेलाची पातळी उतरायला किती सेकंद लागले ते मोजायचं आणि नळीच्या स्थिरांकानं गुणायचं. आता हे आपोआप करणारी यंत्रं आहेत, आमच्याकडेही आहे, पण असं एखादं सॅम्पल मी अजून डोळ्यानं आणि स्टॉपवॉचनं करते. नवं तेल ५.९ सेंटिस्टोक. वापरलेलं ५.७. फारच छान. इतकं छान की जरा खटकलं, पण तेव्हा पुढे गेले.

मग आयसीपी. तेल केरोसीनमध्ये पातळ करून आर्गॉनच्या प्लाझ्मात फवारायचं. तापमान काही हजार अंश. केरोसीनच्या कार्बनमुळे त्या झोताला एक हिरवी झाक येते, काळ्या काचेतून ती बघत बसावीशी वाटते. त्या उष्णतेत प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश देतं, आणि त्या प्रकाशाच्या जोरावरून दशलक्ष भागांत किती भाग, म्हणजे पीपीएम, ते कळतं. मिनिट-दोन मिनिटांत वीसेक आकडे. लोखंड ९६, तांबं ४८, ॲल्युमिनियम ३१, शिसं ५, सिलिकॉन १४.

हे आकडे गाडीमालकाला सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला. “नॉर्मल किती असतं?” आणि त्याच्या मागोमाग ते वाक्य, की ही म्हणजे गाडीची रक्ततपासणीच. आमच्या मार्केटिंगवाल्यांनीही ते पत्रकावर छापलंय. मला ही उपमा मुळीच पटत नाही. हिमोग्लोबिन कल्याणच्या माणसाचं आणि कोल्हापूरच्या माणसाचं एकाच पट्टीनं मोजता येतं. एका बनावटीच्या गिअरबॉक्समध्ये बुशिंग कांस्याची, दुसऱ्यात आणखी कसली, एकाचा कूलर पितळी, दुसऱ्याचा ॲल्युमिनियमचा. एकात सात लिटर तेल, दुसऱ्यात दहा. तेवढीच झीज झाली तरी दुसऱ्यातला आकडा कमी येणार. शिवाय रक्त शरीर रोज नवं तयार करतं. गिअरबॉक्सचं तेल पहिल्या दिवसापासूनचा सगळा हिशोब पोटात घेऊन फिरतं. नव्या गिअरबॉक्सचे दात एकमेकांना जुळताना पहिल्या काही हजार किलोमीटरांत जी धूळ निघते तीही या ९६मध्ये धरलेली होती. तेव्हा ९६ चांगलं की वाईट, हे एकट्या ९६ला विचारून कळत नाही.

झिजेचे आकडे लोक आधी बघतात. मी आधी ॲडिटिव्हचे बघते, कारण बाटलीत खरंच कोणतं तेल आहे ते तिथे कळतं. नव्या तेलात झिंक जवळजवळ नाही, २ पीपीएम. कॅल्शियम ११५, फॉस्फरस २४०. वापरलेल्या तेलात झिंक ६२, कॅल्शियम २६०, फॉस्फरस २८०.

ॲडिटिव्ह वापरानं कमी होतात. वाढत नाहीत. वाढले म्हणजे बाहेरून आले. एकटं झिंक वाढलं असतं तर पितळेवर किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या एखाद्या नरसाळ्यावर ढकलता आलं असतं. पण ही तिन्ही मिळून वाढली होती, आणि अशा प्रमाणात की त्यांचा पत्ता एकच निघत होता. इंजिन ऑइल. त्यात झिजेपासून संरक्षण देणारं झिंक आणि फॉस्फरसचं संयुग असतं, आणि इंजिन धुऊन काढणारी कॅल्शियमची डिटर्जंट असतात. साधारण गाडीच्या इंजिन ऑइलमध्ये झिंक आठ-नऊशेच्या घरात आणि कॅल्शियम दोन हजारांच्या आसपास धरलं, तर दोन्हीकडून मिसळण सात टक्क्यांजवळ येत होती. गिअरबॉक्समध्ये एकूण तेल ६.८ लिटर. म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर इंजिन ऑइल.

आणि मग ते खटकलेलं ५.७ आठवलं. गिअरच्या दातांत आणि पंपात सतत चिरडून एटीएफमधले लांब रेणू तुटतात आणि तेल पातळ होतं. कल्याण-शीळ रस्त्यावर ६२,००० किलोमीटर काढलेलं तेल इतकं कमी पातळ होईल हे पटण्यासारखं नव्हतं. इंजिन ऑइल एटीएफपेक्षा बरंच दाट, १०० अंशाला दहाच्या आसपास. त्याचा सात टक्क्यांचा वाटा वजा करून हिशोब केला तर मूळ तेल ५.४ वर उतरलेलं निघालं. पातळ झालेल्या तेलाला चुकीच्या तेलानं दाट करून रिपोर्टात देखणं केलं होतं. माझ्या जागी नुसता आकडा मर्यादेत आहे की नाही ते बघणारं सॉफ्टवेअर असतं तर त्यानं तिथे हिरवी खूण केली असती. तसं सॉफ्टवेअर आमच्याकडे आहेही, आणि त्यानं ती केली होती.

काकांना फोन केला. “या गिअरबॉक्समध्ये मध्ये कुणी काही ओतलंय का?”

“थांबा, वही बघतो.”

मला त्यांची वही तेव्हा माहीत नव्हती. नंतर पाहिली. शंभर पानी, रेघांची, पुठ्ठ्यावर गाडीचा नंबर. प्रत्येक पेट्रोल भरणं, टायरची हवा, पंक्चर, आणि बिलं तिथल्या तिथे स्टेपल केलेली. ४८,००० किलोमीटरला गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूचं एक सील गळत होतं, ते एका गॅरेजमध्ये बदललं. बिलावर सीलचा पार्ट नंबर, मजुरी, आणि खाली एक ओळ: ऑइल, ०.५ लि. कसलं ऑइल ते लिहिलेलं नाही. काका दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊन आले. त्यांना सांगण्यात आलं की ओरिजिनल एटीएफच टाकलं असणार, आणि त्या वेळी जो मुलगा कामाला होता तो आता सोडून गेलाय. या दोन वाक्यांचा एकमेकांशी मेळ काय, ते काकांनी विचारलं नाही. बिलाची झेरॉक्स तेवढी माझ्याकडे आणून दिली. प्लाझ्मा, आर्गॉन, लाखो रुपयांचं यंत्र एवढ्या खटाटोपातून मी जो अर्धा लिटर काढला होता, तो त्या बिलावर निळ्या शाईत आधीपासून होता.

आता मुद्द्याचा प्रश्न. थरथर या अर्ध्या लिटरमुळे होती का? इंजिन ऑइलमधली डिटर्जंट आणि झिंकची संयुगं क्लचच्या अस्तरावर आणि स्टीलच्या प्लेटवर जाऊन बसतात आणि घर्षणाचं गणित बिघडवू शकतात. पण ती थरथर तेल नुसतं म्हातारं झाल्यामुळेही येऊ शकते, आणि अस्तर झिजल्यामुळेही. आमच्या नेहमीच्या रिपोर्टात वीस मूलद्रव्यं आहेत, आम्लता आहे, पाणी आहे, इन्फ्रारेडवर ऑक्सिडेशन आहे. घर्षण नाही. एटीएफचं सगळ्यात खास काम जे, तेच आम्ही मोजत नाही. ते मोजायला एसएई नंबर २ नावाचं यंत्र लागतं, त्यात खऱ्या क्लच प्लेटा तेलात बुडवून पुन्हापुन्हा लावतात-सोडतात. नवं तेल तयार करणाऱ्यांकडे ते असतं. कल्याणच्या गाडीसाठी कोण ते चालवणार!

या घर्षणापायी माणसानं काय काय केलंय ते काकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. पहिली घाऊक बनवलेली ऑटोमॅटिक गाडी म्हणजे १९४० सालच्या मॉडेलची ओल्ड्समोबिल, हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्सची. त्यासारख्या गिअरबॉक्ससाठी जनरल मोटर्सनं १९४९मध्ये ‘टाइप ए’ हे तेलाचं पहिलं मानक काढलं. तेल क्लचला नीट घसरू द्यावं म्हणून त्या काळच्या एटीएफमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशाच्या तेलावर बंदी आली, तेव्हा रसायनवाल्यांना पर्याय शोधायला पळापळ करावी लागली. “म्हणजे लोक मासे मारून गिअर बदलत होते,” काका म्हणाले. देवमासा मासा नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

आयसीपीला आणखी एक आंधळा कोपरा आहे. पाच-सात मायक्रॉनपेक्षा मोठा कण प्लाझ्मात पूर्ण जळत नाही, म्हणून तो मोजलाच जात नाही. गिअरचा दात तुटायला लागला तर निघणारे तुकडे याहून मोठे असतात. त्यासाठी थोडं तेल ०.८ मायक्रॉनच्या पांढऱ्या मेम्ब्रेनमधून व्हॅक्यूमनं गाळलं आणि ती चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बारीक चकचकीत लोखंडाची धूळ सगळीकडे, ती असणारच. मध्येच पिवळ्या धातूचे चपटे कण, कडा गुळगुळीत, म्हणजे ओरखडून निघालेले नाहीत, घासून निघालेले. आणि तपकिरी-काळे तंतू, क्लचच्या अस्तराचे. तंतू मोजके होते. टोकं करपलेली दिसली नाहीत. मी त्या चकतीकडे नेमून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ बघत होते, कारण सगळ्या कागदात मला गिअरबॉक्सबद्दल थेट काही सांगणारी गोष्ट तीच होती. अस्तर अजून शिल्लक आहे, तेल बदलून बघायला हरकत नाही, एवढं त्या तंतूंच्या भरवशावर म्हणता येत होतं.

तेच रिपोर्टात लिहिलं. झीज तेलाच्या वयाच्या मानानं, इंजिन ऑइलची भेसळ अंदाजे सात टक्के, तेल बदलावं, ५,००० किलोमीटरनंतर पुन्हा सॅम्पल द्यावं. सिलिकॉन १४ बद्दल कंसात लिहिलं की सीलला लावलेल्या सिलिकॉन पेस्टचंही असू शकतं.

काका रिपोर्ट न्यायला आले तेव्हा पेन्सिल घेऊन बसले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं सगळं तेल बोल्ट उघडून येत नाही. निम्म्याच्या वर कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहतं. त्यांच्या गाडीत ६.८ पैकी ३.१ लिटर निघणार होतं. “म्हणजे बदलल्यावर झिंक पस्तीस, लोखंड बावन्न, तांबं सव्वीस असायला पाहिजे. आता मी हे आधी लिहून ठेवतो. पाच हजारांनी तुम्ही मोजा.” शेडमध्ये असं कुणी शिकवलं होतं की हा त्यांचाच स्वभाव, कोण जाणे. मला लॅबमधल्या मुलांना बोलावून ती वही दाखवावीशी वाटली, आणि दाखवलीही.

तेल त्यांनी समोर उभं राहून बदलून घेतलं, दुसरीकडे. तळाच्या ट्रेमधल्या लोहचुंबकाचा फोटो मला पाठवला. त्यावर करड्या लेपासारखी लोखंडाची भुकटी, बोटानं पुसली तर बोटाला टोचणारं काही नाही. हे चुंबकानं धरलेलं लोखंड आमच्या ९६मध्ये नव्हतंच. ते तेलातून आधीच बाहेर पडलेलं.

दुसरं सॅम्पल आलं. झिंक ३६. काकांचा अंदाज ३५. प्रयोगशाळेच्या चुकीच्या मर्यादेत अगदी बसणारं, म्हणजे मध्ये कुणी काही ओतलं नव्हतं आणि अर्ध्या लिटरचा हिशोबही बरोबर होता. तांबं २८. लोखंड मात्र ५२ ऐवजी ६१. काकांनी लगेच भागाकार केला. पहिल्या ६२,००० किलोमीटरांत दर हजारी दीड, आता दर हजारी १.८. “वाढलं की हो.” मी म्हटलं, इतक्या थोड्या अंतरात दोन-चार पीपीएम इकडेतिकडे होऊ शकतात. त्यांनी मान हलवली, पण मान्य केलं असं नाही, आणि खरं तर त्यांचंच बरोबर होतं. पहिल्या दीडमध्ये नव्या गिअरबॉक्सची सुरुवातीची धूळ होती, तेव्हा आताचा दर खाली यायला हवा होता. निकाल एका बिंदूवर लागणार नव्हता. थरथर कमी झाली होती, गेली नव्हती. काकांनी पुन्हा ३.१ लिटर बदललं.

या सगळ्याला पैसे किती लागले, हेही सांगायला हवं, कारण मी हे विकते. एका तपासणीचा खर्च त्या गाडीच्या अस्सल एटीएफच्या दोनेक लिटरच्या आसपास जातो. रेल्वेच्या जुन्या अल्को इंजिनात नऊशेच्या आसपास लिटर तेल असायचं, पवनचक्कीच्या गिअरबॉक्सला हात लावायचा तर पठारावर क्रेन चढवावी लागते. तिथे शंभर मिलीलिटर तेल तपासणं हा चोख व्यवहार आहे. घरच्या गाडीला तो परवडत नाही. माझा भाऊ विचारतो तेव्हा मी त्याला सांगते, तपासत बसू नकोस, साठ हजार किलोमीटरला तेल बदल, तुझ्यासमोर बदलून घे आणि डब्यावरचं नाव बघ. अपवाद एवढाच की काही बिनसलंय आणि का ते कळत नाही. मग एक बाटली, आणि सोबत नव्या तेलाची दुसरी. काकांची गाडी त्या अपवादात पहिल्या बाटलीपुरती बसत होती. दुसरी-तिसरी ही हौस.

तिसरी बाटली काकू घेऊन आल्या. काकांचा गुडघा दुखत होता, पण सॅम्पलची तारीख वहीत लिहिलेली. झिंक २१ आलं, लोखंड बदललेल्या तेलाच्या हिशोबानं दर हजारी १.१, आणि थरथर आता काकांनाही शोधावी लागते, असा निरोप होता. काकूंनी पैसे मोजून दिले, पावती पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, “हे आता शेवटचंच ना?”

मी प्रामाणिकपणे सांगितलं की खरं तर पहिल्यानंतर गरजच नव्हती, तेवढ्या पैशात तेल आलं असतं.

“ते माहितीये मला,” काकू म्हणाल्या. “पण त्यांना सांगू नका हं. समोरच्या बिल्डिंगमधले रोज पत्ते खेळायला बोलावतात, तिकडे बसले तर याच्या दुप्पट घालवतील.”